मोठ्या बाईंचं उट्टं

मोठ्या बाईंनी आयुष्यात कुणाला माफ केलं नाही. माणूस गेलं की लोक म्हणतात, बिचारीच्या मनात कुणाविषयी काही नव्हतं. आमच्या बाईंच्या मनात पुष्कळ होतं, आणि ते कुणाविषयी होतं हे ज्याचं त्याला नीट माहीत होतं. मला त्या आवडायच्या त्या त्याच्यामुळेच. मी कुणाला उलट बोलू शकत नाही. जे बोलायचं राहून जातं ते माझ्या पोटात जाऊन बसतं. बाईंच्या बाबतीत तसं काही राहत नसे.

मी त्यांच्या शाळेत खिचडी शिजवायचे, अजूनही शिजवते. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आमची नगरपालिकेची मराठी शाळा आहे. आता महानगरपालिका झाली म्हणतात; पाटी बदलली, पत्रे तेच आहेत. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला माझा गॅस नि पातेली. मुलांचे बाप लोखंडाच्या कारखान्यात, आया बियाणं निवडायला. निम्म्या घरांत उर्दू बोलतात. तरी नजमा भाभींनी आपली पोरगी आफरीन आमच्याकडेच घातली. म्हणाल्या, "भाषा कोणती बी असू दे, बाई ह्याच पाहिजेत."

बाई मूळच्या मंठ्याच्या. ठेंगण्या, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, तोंडात कायम एक लवंग. एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण राग आला की सरळ मंठ्याच्या होऊन जायच्या. "न्हाई" आणि "मंग" ऐकू आलं की पोरं चिडीचूप व्हायची. पिशवीत कंगवा आणि सुई-दोरा असायचाच. विस्कटलेल्या केसांची पोरगी दिसली की तिला पायरीवर दोन गुडघ्यांत धरून वेणी घालत, आणि वेणी घालता घालता पाढे म्हणून घेत. पाढा चुकला की वेणी जरा ओढली जायची. आमच्या पोरींचे पाढे आणि वेण्या, दोन्ही पक्के.

मी पहिल्यांदा कामाला आले तेव्हा कुणी परका माणूस फाटकातून आत आला की मी पदर ओढून खांबाआड व्हायचे. बाईंनी काही दिवस पाहिलं. मग एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुमन, खांब झालीस का? आमच्याकडं खांब आहेत. मला बाई पाहिजे." मी केदारखेड्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले हे कळल्यावर त्यांनी माझ्या हातात पाचवीचं पुस्तक ठेवलं. खिचडी रटरटत असताना मी वाचायचे, आणि त्या वर्गातूनच ओरडून चुका सांगायच्या. आज हे लिहिता येतंय ते त्या ओरडण्यामुळे. हे कुणाला दाखवायचं नाही. दाखवायचं धाडस नाही, आणि ज्यांना दाखवावं असं वाटतं ते वाचून सुधारतील अशी आशाही नाही.

उट्टं काढायची बाईंची एक रीत होती. गल्लीच्या तोंडाशी एका चहावाल्याने एकदा आमच्या पोरांना माठातलं पाणी पिऊ दिलं नाही, हाकललं. तेव्हापासून बाईंनी त्याचा चहा सोडला. नुसता सोडला नाही. समोरच्या टपरीवरून चहा घ्यायच्या आणि ह्याच्या दुकानासमोर उभं राहून सावकाश प्यायच्या, पावसाळा असो की उन्हाळा. त्यांच्या मोठ्या दिरांनी लग्नानंतर म्हटलं होतं, मास्तरीण होऊन काय दिवे लावणार? बाईंनी त्यांना दर दिवाळीला मंठ्याला पणत्यांचं पुडकं पाठवलं. दीर म्हातारे झाले, ऐकू येईना, तरी पुडकं चुकलं नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाई, आता जाऊ द्या की." तर म्हणाल्या, "जाऊ द्यायला ती माझी बस आहे का?"

पण त्याला नियम होता. खालच्यावर राग काढायचा नाही. "सूड बरोबरीच्यावर काढायचा, न्हाई तर वरच्यावर. खालच्यावर काढला तर तो सूड न्हाई सुमन, ती घाण आहे." पोरांनी काचा फोडल्या, शाई सांडली, एकाने तर त्यांच्या चपलेत बेडूक ठेवला. बाई ओरडायच्या आणि विसरायच्या. मोठ्या माणसांचं मात्र त्या काही विसरत नव्हत्या.

त्यांचं सगळ्यात मोठं वैर होतं कुंडलिका नदीच्या पलीकडच्या शाळेशी. नव्या जालन्यातली ही शाळासुद्धा नगरपालिकेचीच, आमची सख्खी बहीण म्हणायची. पण तिला रंग, तिला बाक, तिला पंखे, तिला नळ. मुंबईहून, संभाजीनगरहून कुणी पाहुणा आला की त्याला तीच दाखवायची. म्हणून बाई तिला म्हणायच्या, दाखवायची शाळा. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी तिथल्या मोठ्या सरांचा निरोप सगळ्या शाळांना जायचा. कुणाचा कॉम्प्युटर, कुणाची विज्ञानाची पेटी, कुणाची सतरंजी. "पाहणी झाली की परत पाठवतो." परत यायचंही, पण कधी माउस नसायचा, कधी सतरंजीवर चहा सांडलेला असायचा. हे सर नेहमी पांढरे बूट घालायचे. आमच्या अंगणात आले की बूट उचलून उचलून चालायचे, जणू आम्ही चिखल अंथरून ठेवला होता.

वस्तूंचं एक वेळ सोडा. पोरंही न्यायचे. ज्याला धडा खडाखडा वाचता येतो त्याला सलीमभाईच्या रिक्षात घालून तिकडे न्यायचं, पहिल्या बाकावर बसवायचं आणि संध्याकाळी परत. आफरीन चौथीत असताना पहिल्यांदा गेली. परत आली ती नाचतच आली. बाईंनी विचारलं, "काय विचारलं गं तुला?" तर ती म्हणाली, "बाई, तिथं डोक्यावर पंखा आहे. आणि बाकाला कप्पा आहे, दप्तर ठेवायला." बाईंनी लवंग कडकन चावल्याचा आवाज मला गॅसजवळ ऐकू आला.

आणि मग तो तक्ता. शिक्षण विभागाच्या साहेबांनी शहरातल्या सगळ्या शाळांची तुलना करणारा तक्ता काढायचा पायंडा पाडला होता. वाचन किती, गणित किती, शिष्यवृत्तीत किती. वरून खाली नंबर. दाखवायची शाळा पहिली, आमची शेवटची. आमची हुशार पोरं पाचवीला तिकडे ओढून न्यायचे, ती शिष्यवृत्तीत आली की नाव तिकडचं. त्यात त्या वर्षी बोलवा उठली होती की खालच्या शाळा बंद करून वरच्या शाळांत मिसळायच्या. म्हणजे आमच्या गल्लीतली पहिलीतली पोरं पूल ओलांडून, ट्रक आणि टू-व्हीलरच्या मधून नदीपलीकडे जाणार. पोरी तर जाणारच नाहीत. आया मला चपात्या लाटता लाटता सांगायच्या, शाळा गेली तर हिला घरीच बसवू, धाकट्याला सांभाळंल.

तक्त्याच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, या तक्त्यात एक रकाना कमी आहे. कुणाला काय दिलं, तो. आधी काय दिलं ते लिहा, मग काय आलं ते लिहा. एका वासराला पेंड घालता, एकाला नुसता कडबा, आणि दोघांना एकाच शंकरपटात पळवता." साहेब हसले. मऊ बोलणारा माणूस, कधी आवाज चढवत नाही. म्हणाले, "बाई, साधनांची कारणं नकोत. तुमच्या शाळेत खिचडी तेवढी उत्तम शिजते, हे मात्र आम्हाला मान्य आहे." सगळी बैठक हसली. पांढऱ्या बुटांचे सर सगळ्यात जास्त.

बाई परत आल्या त्या थेट माझ्याकडे. "सुमन, आज तुझी खिचडी माझ्या तोंडावर फेकली त्यांनी." सगळं सांगितलं. कुणी दुसरं असतं तर लपवलं असतं, मला वाईट वाटेल म्हणून. बाईंनी लपवलं नाही. माझा अपमान त्यांनी माझ्या हाती दिला, आणि मीही तो ठेवून घेतला. त्या दिवशी पातेलं घासताना तळ पांढरा होईस्तोवर घासलं.

थोड्याच दिवसांत मोठी पाहणी आली. मुंबईहून एक मॅडम येणार होत्या. कोणत्या शाळा ठेवायच्या आणि कोणत्या मिसळायच्या, हे त्यांच्या अहवालावर ठरणार असं सगळे म्हणत होते. सरांचा निरोप आला. कॉम्प्युटर, पाण्याचं फिल्टर, विज्ञानाची पेटी, आफरीन आणि आणखी काही वाचणारी पोरं. आणि शेवटी, खिचडीवाल्या मावशीपण पाठवा, पाहुण्यांना पोषण आहार खायचा आहे. मला वाटलं बाई आता मंठ्याच्या होणार. त्या शांतच. म्हणाल्या, "मागतील ते द्यायचं. आणि मागितलं न्हाई ते पण द्यायचं."

त्या सकाळी आमच्या शाळेतून हातगाडे निघाले. कॉम्प्युटर, फिल्टर, पेटी तर गेलीच. नकाशे गेले, फळा गेला, बसायच्या टाटपट्ट्या, ताटं, घंटा, बाईंची खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ गेलं. सलीमभाई रिक्षात डबे भरता भरता म्हणाला, "बाई, शाळा बेचून राह्यल्या का?" बाई म्हणाल्या, "उधार देऊन राह्यले." मग सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं आणि अख्खी शाळा पुलावरून पलीकडे नेली. पुढे बाई, मागे मी. ट्रकवाले थांबून बघत होते.

दाखवायच्या शाळेच्या दारात सर उभे. हातगाडे बघून त्यांचे डोळे फिरले. "अहो बाई, एवढं कशाला?"

"असू द्या सर, तुमची शोभा वाढंल."

"आणि ही सगळी पोरं?"

"पट मोठा दिसंल."

इथे सरांनी चूक केली. तो माणूस हावरा होता. पट मोठा दिसेल म्हटल्यावर त्यांनी पोरांना परत पाठवलं नाही. पारखून पारखून स्वच्छ दिसणारी बाकांवर बसवली, गाणाऱ्या पोरी स्वागताला उभ्या केल्या, पोरं कवायतीत घातली, राहिलेली मागच्या खोलीत. सगळ्यांना पढवलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, ही आमची शाळा. आमची घंटा तिथल्या दारात टांगली. मला मागे शेडमध्ये बसवलं; तिथून वर्गाची खिडकी आणि पटांगण, दोन्ही दिसत होतं.

मॅडम आल्या. सुती साडी, बोलणं कमी. हार घेतला आणि बाजूला ठेवला. वर्गात जाऊन पोरांच्या बाकावर, पोरांच्या शेजारी बसल्या. आफरीनला वाचायला सांगितलं. ती असं वाचते की आपल्याला वाटावं गोष्ट तिच्याच घरात घडली. मॅडमनी विचारलं, "तुला तुझ्या शाळेतलं सगळ्यात काय आवडतं?" सर दारातून खुणा करत होते. आफरीनने वर बघितलं आणि म्हणाली, "पंखा." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. तिच्याकडे बघत राहिल्या. रोज पंख्याखाली बसणारं पोर पंख्याचं नाव घेत नाही, हे त्यांना कळलं असावं.

मग पटांगणात कार्यक्रम. शाल झाली, श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक मागच्या ओळीत. मॅडम म्हणाल्या, कुणाला काही बोलायचं आहे का? बाई उठल्या.

"मला बोलायचं काही नाही, मॅडम. माझी आजची हजेरी राहिली आहे. ती घेऊ का?"

साहेब हळूच म्हणाले, "बाई, आता?"

मॅडम म्हणाल्या, "घ्या ना."

आमच्याकडे हजेरीची एक पद्धत होती. बाई अंगणात डोळे मिटून उभ्या राहत, हातात काही नसे, आणि एकेक नाव तोंडाने घेत. पोराने जिथे असेल तिथे उठून उभं राहायचं आणि अशा आवाजात ओरडायचं की घरात बसलेल्या आईला कळावं, पोरगं पोचलं. त्या दिवशीही बाईंनी डोळे मिटले. पहिलं नाव घेतलं. कवायतीतला पोरगा ताठ होऊन ओरडला, "हजर, बाई!" दुसरं घेतलं. हाराचं तबक धरलेली पोरगी, "हजर, बाई!" मग गाण्यातल्या, मग पहिल्या बाकावरची आफरीन, मग मागच्या खोलीच्या खिडकीतून पहिलीतली चिल्लीपिल्ली. सरांनी पढवलेलं सगळं पोरं विसरली. रोजची सवय ती, नाव ऐकलं की गळा उघडायचाच. दाखवायच्या शाळेच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आमची शाळा उठून उभी राहिली.

पोरं संपली. बाईंनी डोळे उघडले नाहीत. "पाण्याचं फिल्टर!"

मग आमचं एक वात्रट कार्टं फिल्टरशेजारून ओरडलं, "हजर, बाई!" पोरांना खेळ कळला. "कॉम्प्युटर!" "हजर, बाई!" "टाटपट्टी!" "हजर!" "घंटा!" घंटेचं उत्तर एकाने टोला हाणूनच दिलं. मागच्या ओळीतल्या दुसऱ्या शाळांच्या बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या; त्यांच्याही सतरंज्या तिथेच अंथरल्या होत्या. साहेबांचा चेहरा मी शेडमधून पाहिला. तो मी अजून कधी कधी आठवते, दमलेली असले की.

शेवटी बाई म्हणाल्या, "खिचडीवाल्या मावशी!"

मी हातातला झारा खाली ठेवला. इतकी माणसं, माइक, साहेब. मी म्हणाले, "हजर." इतकं हळू, की शेजारच्या पातेल्यालाही ऐकू गेलं नसेल. बाईंनी मात्र डोळे उघडले आणि मान हलवली.

मॅडमनी विचारलं, "मग तुमच्या शाळेत आत्ता काय आहे?"

"भिंती," बाई म्हणाल्या.

"मला त्या बघायच्या आहेत."

त्याआधी जेवण उरकायचं होतं. सगळ्यांना मी वरची मऊ, मोकळी खिचडी वाढली. साहेबांच्या ताटात पातेल्याच्या बुडाची खरवड घातली, काळी, कडक. मॅडम शेजारीच. त्यांनी विचारलं, "छान झालीय ना?" साहेब म्हणाले, "उत्तम." आणि चावत राहिले. मी तिथून हललेच नाही, आणखी थोडी वाढली. मला त्याचं आजही काही वाईट वाटत नाही.

मॅडम आमच्या रिकाम्या खोल्यांत एकट्याच फिरल्या, पत्र्याखाली उभ्या राहिल्या, रुमालाने मान पुसली. मिसळायच्या शाळांच्या यादीतून आमचं नाव वगळलं गेलं. पुढच्या तक्त्यात काय दिलं हा रकाना आला. तो नसताना आम्ही शेवटचे होतो. तो आल्यावर दाखवायची शाळाच जरा ओशाळी दिसायला लागली. पहिली मात्र तीच राहिली. आमच्याकडे फिल्टर परत आलं ते गळकं.

आणि पाचवीला आफरीन तिकडे गेली. नजमा भाभी दाखला मागायला आल्या तेव्हा मान वर करत नव्हत्या. "बाई, लडकी का दिल वहाँ लग गया. पंखा है, खिडकी है." मला वाटलं बाई आता काही तरी बोलणार. त्यांनी दाखल्यावर सही केली, आफरीनला पायरीवर बसवून घट्ट वेणी घातली आणि म्हणाल्या, "जा. तिथं कुणी विचारलं की हे कुणी शिकवलं..." मग थांबल्या. "काही सांगू नको. अभ्यास कर." ती गेल्यावर त्या दिवसभर लवंग चावत होत्या.

उन्हाळ्यात बदलीचा आदेश आला. शहराच्या टोकाला, कारखान्यांच्या मागे, एका खोलीची शाळा. कारण काही नाही, प्रशासकीय. मी रडले. बाई खुश झाल्यासारख्या दिसल्या. "साहेबांनी उट्टं काढलं. मला वाटलं होतं तितका मऊ न्हाई हा माणूस." निघताना मला म्हणाल्या, "विसरायला लोक पुष्कळ आहेत सुमन. तू लक्षात ठेवत जा."

त्या टोकाच्या शाळेतच त्यांचं दुखणं वाढलं. पोटाचं होतं. शेवटी खाटेवरच होत्या. मी दुपारी काम आटोपून पेज घेऊन जायचे. एक दिवस साहेब आले. मोसंब्यांची पिशवी, मऊ आवाज. "बाई, झालं गेलं विसरून जाऊ. मनात काही ठेवू नका."

बाईंनी विचारलं, "आमच्या शाळेत पंखे लागले का?"

"प्रस्ताव गेलाय. लागतील."

"मंग लागल्यावर या. तेव्हा बघू काय विसरायचं ते."

साहेब उठले. त्यांच्या गाडीचा आवाज गेल्यावर बाईंनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "पोरांना वाट. मोसंब्यांशी आपलं काही भांडण न्हाई." आणि इतक्या हसल्या की पोट धरावं लागलं. पंखे लागायच्या आत त्या गेल्या. पंखे अजून लागायचेच आहेत.

शोकसभा दाखवायच्या शाळेत झाली, कारण सभागृह तिथेच आहे. त्याआधी साहेबांनी सगळ्या शाळांच्या मोबाइलच्या गटावर हात जोडलेली चित्रं टाकली. सभेत म्हणाले, बाई मला थोरल्या बहिणीसारख्या होत्या, त्यांच्या मनात कुणाविषयी काही नव्हतं. मी शेवटच्या ओळीत होते. मला उठून सांगता आलं नाही की होतं, आणि तुमच्याविषयीच होतं. मग त्यांनी जाहीर केलं, दरवर्षी तक्त्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला बाईंच्या नावाचा पुरस्कार. पहिली कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या तिथे सरांनी शाल घेतली, ढाल घेतली, आणि बाईंचा मोठा फोटो त्यांच्या कार्यालयात लागला. ढालींच्या वर, प्लास्टिकच्या फुलांचा हार घालून. बाईंच्या नावाचं बक्षीस त्याच शाळेला, आणि बाई त्याच भिंतीवर. मला त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना.

परवा पुन्हा कुणी तरी पाहुणे आले, आणि मला पुन्हा तिकडे खिचडीला बोलावलं. मी गेले, शिजवली, वाढली, पातेली घासली. सगळे पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले होते. मी कार्यालयात गेले, खुर्ची ओढली, चढले, फोटो काढला. प्लास्टिकचा हार टेबलावर ठेवला. पदराने काच पुसली. बाई नेहमीसारख्याच बघत होत्या, जणू मी पाढा चुकणार आहे.

दारात सर. पांढरे बूट. "अहो मावशी, हे काय करून राह्यल्या? फोटो कुठं चालला?"

"आमच्या शाळेत."

"अहो, साहेबांनी लावलाय तो. असा कसा नेता?"

मी कधी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. त्या दिवशी दिला. "त्या तुमच्या भिंतीवर राहणार न्हाईत."

सर बाजूला झाले. का झाले, मला माहीत नाही. सलीमभाईने रिक्षा चालू ठेवली होती. पुलावर वारं होतं, फोटो मी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. सलीमभाई आरशातून बघून म्हणाला, "मावशी, मोठ्या बाईचं भाडं न्हाई घेणार."

आता फोटो आमच्या व्हरांड्यात आहे, पोरं जेवायला बसतात तिथे. हार नाही घातला. साहेबांचा फोन येईल, माणूस येईल, कागद येईल असं सगळे म्हणतात. नवीन बाई घाबरल्या आहेत. म्हणतात, मावशी, देऊन टाका परत. मी पातेलं उचलून पंगतीत जाते. वाढता वाढता माझं एक लक्ष फाटकाकडे असतं. अजून कुणी आलेलं नाही. येऊ द्या.